शब्दचर्चा: इंजिन ‘बंद पडले’ की ‘बंद केले’?

प्रश्न

वैमानिक प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. दोन इंजिनांच्या छोट्या विमानात उडताना एक इंजिन गेले तर काय करायचे, हा विषय. तीन ठिकाणी अडले आहे. ‘इंजिन फेल्युअर’ला ‘इंजिन बंद होणे’ चालेल का? प्रोपेलरची पाती वळवण्याच्या ‘फेदर’ला काय म्हणावे? आणि ‘क्रिटिकल इंजिन’चे ‘गंभीर इंजिन’ तर नक्कीच होणार नाही, मग काय?

उत्तर

‘बंद होणे’ टाळाच. ‘बंद पडणे’ आपोआप घडते, ‘बंद करणे’ हे माणसाचे काम, आणि या विषयात तो फरक जिवावरचा आहे. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून उडालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ विमानात उजव्या इंजिनाचा जोर गेला आणि वैमानिकाने डावे, धडधाकट इंजिन बंद केले. विमान कीलुंग नदीत कोसळले, ४३ जण दगावले. ते विमान छोटे नव्हते, पण चूक नेमकी हीच. तिथे ‘दोन्ही इंजिने बंद झाली’ असे लिहिले तर अपघाताचे कारणच वाक्यातून निघून जाते.

म्हणूनच वैमानिकांना तीन पायऱ्या घोकून घेतात: ओळखा, पडताळा, फेदर करा. मधल्या पायरीला बरेच जण ‘खात्री करा’ लिहितात. मला ‘पडताळा’ हवा. खात्री मनातल्या मनात वाटू शकते, पडताळायला हात हलवावा लागतो. जे इंजिन गेले असे वाटते त्याचा थ्रॉटल, म्हणजे जोर कमीजास्त करणारा दांडा, सावकाश मागे घ्यायचा. काहीच फरक पडला नाही तर ओळख बरोबर. आवाज आणि जोर कमी झाला तर हात चुकीच्या थ्रॉटलवर आहे.

ओळखायचे कसे, तेही लिहिताना सांभाळा. नाक मेलेल्या इंजिनाकडे ‘वळते’, ते सरळ ठेवायला विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीवरचे सुकाणू) पायाने दाबावा लागतो. जो पाय मोकळा राहिला, त्या बाजूचे इंजिन गेलेले. त्यानंतर पंख चालत्या इंजिनाकडे थोडा ‘कलवायचा’, फार तर ५ अंश. वळणे आणि कलणे या दोन हालचालींना एकच क्रियापद वापरू नका.

‘फेदर’साठी आधी हे पाहा की इंजिन बंद पडले तरी प्रोपेलर थांबत नाही. समोरून येणारी हवा त्याला फिरवत राहते आणि तो विमानाला मागे ओढतो. म्हणून ‘पंखा थांबला की इंजिन गेले समजा’ असे एखादे वाक्य मसुद्यात असेल तर आजच काढा. फेदर करणे म्हणजे पाती आपल्या अक्षाभोवती वळवून त्यांची कड वाऱ्याला लावणे. इंग्रजीत वल्ही मारणारेही हाच शब्द वापरतात: पाण्याबाहेर आलेले वल्हे मागे नेताना ते आडवे करतात, म्हणजे वारा अडत नाही. पहिल्यांदा ‘पाती वाऱ्याला कडेने लावणे’ असे समजावून पुढे ‘फेदर’च ठेवा, कारण लिव्हरजवळ तोच शब्द छापलेला असतो. एक तपशील मात्र गाळू नका: बऱ्याच छोट्या विमानांत प्रोपेलरचे फेरे फार कमी झाले की पाती अडवणारी खिळी बसते आणि मग पाती फेदरमध्ये जातच नाहीत. म्हणून पडताळा झाल्यावर ‘यथावकाश’ नाही, ‘लगेच’.

प्रतिसाद

‘क्रिटिकल इंजिन’ला मी ‘नडणारे इंजिन’ सुचवेन. जे गेल्याने विमान सांभाळणे जास्त जड जाते ते. दोन्ही प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर ते डावे. खाली जाणारे पाते जास्त ओढते. उजव्या इंजिनाचे ते पाते विमानाच्या मध्यरेषेपासून अधिक लांब असते, म्हणून एकटे उजवे चालू राहिले की नाक जास्त जोराने वळवते.

उत्तर

अर्थ अचूक सांगितलात, पण ‘नडणारे’ म्हटले की बिघडलेले इंजिन डोळ्यांपुढे येते. ‘मुख्य’ आणि ‘कळीचे’ही नकोत, वाचकाला ते जास्त ताकदीचे वाटेल. शिवाय पायपर सेमिनोलसारख्या विमानात प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, तिथे क्रिटिकल इंजिन नसतेच. मी ‘क्रिटिकल’ ठेवेन आणि तुमचे स्पष्टीकरण खाली देईन.

आणखी एक. ‘एक इंजिन गेले की विमानाची क्षमता निम्मी होते’ असे वाक्य हमखास येते. निम्मी होते ती शक्ती. वर चढायला उरते ती सरळ उडून शिल्लक राहिलेली शक्ती, त्यामुळे चढण्याचा वेग साधारण ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटतो. तेव्हा ‘शक्ती’ आणि ‘चढ’ वेगवेगळे लिहा. वेगदर्शकावर निळी रेघ एका इंजिनावर सर्वात चांगला चढ मिळण्याचा वेग दाखवते. लाल रेघा दोन असतात: वरची, जी कधीच ओलांडायची नाही, आणि खालची, जिच्याखाली रडर नाकाला आवरू शकत नाही. नुसते ‘लाल रेघ’ लिहून चालणार नाही.

प्रश्न

पटले. रेडिओवरून मदत मागायच्या ‘मेडे’ आणि ‘पॅन-पॅन’ला ‘संकट’ आणि ‘तातडी’ करू का?

उत्तर

स्पष्टीकरणात करा. रेडिओवर बोलायच्या ओळीत मात्र मूळ शब्दच, तीनदा. ऐकणारा नियंत्रक तेच शब्द ओळखतो.