मदत हवी आहे: कोटेशन करायला दोन तास सलग मिळत नाहीत
भोसरी एमआयडीसीत छोटं सीएनसी जॉबवर्कचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कस्टमरचे पार्ट बनवून देण्याचं) युनिट आहे, 14 माणसं. ड्रॉइंग उघडून कोटेशनला बसलो की लगेच कस्टमरचा फोन "माल निघाला का", नाहीतर ऑपरेटर दारात, "साहेब इन्सर्ट संपले" (मशीनच्या कटिंग टूलला लागणाऱ्या टिप्स). फोन सायलेंट ठेवून बघितला तर नेमका रिजेक्शनचा (माल नापास झाल्याचा) कॉल राहिला आणि महागात पडलं. व्हॉट्सॲप बिझनेसला अवे मेसेज (आपोआप जाणारं उत्तर) लावला, तर लोक तो वाचून फोन करतात 😅 गुरुवारी सुट्टीला येऊन बसतो पण घरी बोलणी खातो. नवीन माणसाचं बजेट नाही, नंबर बदलता येणार नाही. सुपरवायझर हुशार आहे, पण लिंक्ड डिव्हाइस (माझंच व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर) दिलं तर त्याला रेटच्या चॅट पण दिसणार, ते नकोय. फक्त डिस्पॅचचे फोन त्याच्याकडे वळवायला तुम्ही नेमकं काय केलंत, आणि जुन्या कस्टमरना कसं सांगितलंत?