मदत हवी आहे: उमेदवाराला प्रचारासाठी दुकान देण्यास नकार कसा कळवावा?

नमस्कार. मी आणि माझे मेहुणे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील एका गावात सँडविच-साखळीचे एक दुकान फ्रँचायझी घेऊन चालवतो. काँग्रेसच्या, म्हणजे येथील संसदेच्या, निवडणुकीला उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयाने आमच्याकडे विचारणा केली आहे, की उमेदवाराने तासभर आमच्या काउंटरमागे उभे राहून सँडविच बनवले आणि त्याचे चित्रीकरण झाले तर चालेल का. मेहुण्यांच्या मते ही फुकटची जाहिरात आहे. मला ती फुकट वाटत नाही.

याच राज्यातील फिस्टरव्हिल येथील मॅकडॉनल्ड्समध्ये २० ऑक्टोबर २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी एप्रन बांधून फ्राइज तळले होते, हे अनेकांना आठवत असेल. परवानगी तेथील फ्रँचायझीधारकाची होती, तरी खुलासा मुख्य कंपनीला करावा लागला: आम्ही कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही, आम्ही लालही नाही आणि निळेही नाही, आम्ही सोनेरी आहोत. लाल हा रिपब्लिकन पक्षाचा रंग, निळा डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि सोनेरी मॅकडॉनल्ड्सच्या चिन्हाचा; वाक्य झकास आहे. पण येल्प या ग्राहकांचे अभिप्राय छापणाऱ्या संकेतस्थळावरील त्या दुकानाच्या पानावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी अभिप्रायांचा असा भडिमार केला, की येल्पला तेथे नवे अभिप्राय घेणे काही काळ थांबवावे लागले. कंपनी सोनेरी राहिली, रंग लागला तो दुकानाला.

शिवाय आमचे दुकान कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेले आहे आणि संघराज्याच्या कायद्यानुसार कॉर्पोरेशनला उमेदवारास पैसे किंवा वस्तुरूपाने देणगी देता येत नाही. जागा विनामोबदला दिल्यास तीही देणगी ठरू शकते, अशी माझी समजूत आहे.

मेहुण्यांनी दुसरा मार्ग सुचवला: पुण्या-मुंबईत मतदानाच्या दिवशी शाई लावलेले बोट दाखवले की हॉटेलात सवलत मिळते, तसे आपणही मतदारांना कॉफी मोफत द्यावी. पण येथे मतदानाच्या बदल्यात काही देणे हाच गुन्हा ठरू शकतो. स्टारबक्सने २००८ मध्ये अशीच घोषणा केली होती आणि कायद्याची अडचण लक्षात आल्यावर त्यांना ती कॉफी, मत दिलेले असो वा नसो, सर्वांनाच द्यावी लागली.

आता प्रश्न असा, की प्रचार कार्यालयातील मंडळी आमची रोजची गिऱ्हाइके असल्यामुळे नकार त्यांच्या पक्षाला आहे असे त्यांना वाटू नये, आणि उद्या प्रतिस्पर्धी उमेदवार आल्यास तेच पत्र नुसते नाव बदलून पाठवता यावे, असा मजकूर कसा लिहावा? मुख्य कंपनीच्या नियमांचा हवाला द्यावा, की तो पळपुटेपणा दिसेल? कुणी फ्रँचायझी चालवताना असे पत्र प्रत्यक्ष लिहिले असल्यास, नावे वगळून त्याचा मसुदा कृपया येथे द्यावा. आम्हाला शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचे आहे.