‘बीटा ब्लॉकर’ला मराठीत काय म्हणावं?

सिस्टरताई
वॉर्डातून घरी सोडताना पेशंटला द्यायला गोळ्यांची माहिती मराठीत लिहिते आहे. प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल या नाडी मंद करणाऱ्या, प्रेशर उतरवणाऱ्या गोळ्यांच्या पुढे ‘बीटा-अवरोधक’ लिहिलं. काल एका आजोबांना वाचून दाखवलं, अवरोध म्हणजे अडथळा हेही सांगितलं. तर आजी म्हणाल्या, “अवो, अडथळा तर शिरंत आधीच हाय म्हनत्यात. वर ही अडथळ्याची गोळी कशापायी?” ‘ब्लॉकर’ लिहावं तर ‘ब्लॉकेज’ घराघरात पोचलेलं. अशा समजुतीने कोणी गोळी एकदम बंद केली तर छातीत पुन्हा दुखू लागतं, प्रेशर उसळतं. शब्द सुचवा.

रानजाई
‘निरोधक’ घ्या. ‘गर्भनिरोधक गोळी’ खेड्यापाड्यात कळते. त्यामुळे गर्भ थांबतो, शीर तुंबत नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही.

शाईदौत
गर्भ म्हणजे काय ते ठाऊक आहे म्हणून निरोधक कळतं. बीटा म्हणजे काय ते कोण सांगणार? ते नुसतं ग्रीक अक्षर. औषधशास्त्रज्ञ अल्क्विस्ट यांनी १९४८ साली ॲड्रेनलिनला दाद देणाऱ्या ग्राहींचे (पेशींवरच्या रिसेप्टरचे) आल्फा आणि बीटा असे गट पाडले. पुढे बीटाचेही दोन झाले: बीटा-१ मुख्यतः हृदयात, बीटा-२ श्वासनलिकांत. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं, म्हणूनच दमेकऱ्याला ते देत नाहीत.

सुंठवडा
‘ग्राही’ला माझी हरकत आहे. आयुर्वेदात ग्राही म्हणजे मळ बांधणारं द्रव्य, सुंठ-जिऱ्यासारखं. आजेसासूबाई जुलाबावर सुंठ उगाळून द्यायच्या, तेव्हा हाच शब्द वापरायच्या. अर्थ असलेला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवायचा हे बरं नाही.

शाईदौत
मग ‘रस’ही सोडावा लागेल. वैद्याचा वेगळा, कवीचा वेगळा, उसाचा वेगळा. संदर्भाने अर्थ लागतो.

पाटीपेन्सिल
खरी गोची ‘अनुकंपी’ची आहे. मी जीवशास्त्र शिकवते. नाडी वाढवणाऱ्या सिम्पथेटिक चेतासंस्थेला अनुकंपी आणि नाडी मंदावणाऱ्या पॅरासिम्पथेटिकला परानुकंपी म्हणायचं. मुलांना अनुकंपा म्हटलं की वडिलांच्या जागी लागलेली नोकरी आठवते. आणि परानुकंपी फोडला तर ‘दुसऱ्यावर दया करणारा’! ग्रीक ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, आपला ‘परा’ पराभवातला, पराङ्मुखातला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली यांनी १९०५ मध्ये पॅरासिम्पथेटिक हा शब्द आणला, तो शेजारच्या अर्थाने. आपण फक्त आवाज उचलला.

रानजाई
पण ‘अनुकंप’मध्ये कंप आहे ना? दम्याचं सल्ब्युटामॉल घेतल्यावर माझ्या आईचे हात थरथरतात, चहाची बशी वाजते. माझ्या मते ज्याने शब्द केला त्याने हे पाहिलं असणार.

पाटीपेन्सिल
कल्पना गोड आहे, पण नाही. सिम्पथी म्हणजे सह-वेदना. एका अवयवाचं दुखणं दुसऱ्याला कळतं, ही जुनी समजूत त्या नावामागे आहे. अनुकंपा हे तिचं सरळ भाषांतर.

सिस्टरताई
शिकणाऱ्या मुलींना मी सिम्पथेटिक असंच सांगते. फवारणीचं विष अंगात गेलेला शेतकरी येतो तेव्हा लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, आणि बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं. मग उतारा म्हणून ॲट्रोपिन. घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं. ते सारं म्हणजे परानुकंपी बेफाम झालेली; एकदा पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

सुंठवडा
बुबुळ नव्हे, बाहुली. बुबुळ लहानमोठं होत नाही.

सिस्टरताई
आमच्याकडे सगळं काळं ते बुबुळच. बाहुली म्हटलं तर नातेवाईक कोपऱ्यातल्या खेळण्याकडे बघतात.

शाईदौत
पण बाहुलीच जपा. लॅटिन ‘पुपिला’ म्हणजेही छोटी बाहुली, आणि संस्कृत ‘कनीनिका’तही लहान मुलगीच आहे. समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली प्रतिमा दिसते, ती ही.

रानजाई
आमच्या कोकणात पण बुबुळच म्हणतात हां.

सिस्टरताई
बरं, मूळ प्रश्न. ‘नाडी शांत ठेवणारी गोळी’ लिहू का?

पाटीपेन्सिल
मग नाडी शांत झाली की आजोबा गोळी थांबवतील.

सिस्टरताई
खरंय. नाडी साठच्या खाली गेली तर डॉक्टरांना विचारा, एरवी स्वतःहून थांबवू नका, हे ठळक लिहिते. नावाची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.

सुंठवडा
बुबुळाचं मात्र मला पटलेलं नाही. नेत्रतज्ज्ञ ड्रॉप घालून काय मोठं करतात, विचारून बघा.