पहिलाच ड्रोन घेतोय, सुरुवात कशी करू? (नाशिक)

सह्यवेडा_नाशिक:
नमस्कार मंडळी, ट्रेकला जातो आणि लय दिवसांपासून ड्रोन घ्यायचा डोक्यात आहे. मावसभाऊ दिवाळीला दुबईहून येतोय, त्यालाच डीजेआय मिनी आणायला सांगणार होतो. मित्र म्हणतो २५० ग्रॅमच्या आतला असला की परवानगी, लायसन्स काहीच लागत नाही. खरंय का? आणि मी रिमोटची गाडीसुद्धा कधी चालवलेली नाही, तर शिकायचं कसं? घर देवळालीजवळ आहे, गच्चीवरून सुरुवात केली तर चालेल ना?

पंखा_चार:
आधी भावाला फोन कर आणि आणू नको म्हण. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे, बॅगेतून आणला तरी ती आयातच, कस्टममध्ये अडकला की त्याची सुट्टी त्यातच जाईल.

मित्राचं अर्धंच बरोबर आहे. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि तिथून २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोलाही हौसेसाठी उडवलास तर नाही, पण त्याच मायक्रोने पैसे घेऊन लग्न शूट केलंस की लागतं. मोठी बॅटरी लावली की काही ड्रोन २५० च्या वर जातात हेही बघ. पण कुठे उडवायचा ही गोष्टच वेगळी, तिथे वजनाची सूट धरून चालू नकोस. देवळालीला लष्कर, पलीकडे ओझरचा विमानतळ, त्यामुळे गच्ची डोक्यातून काढ आणि सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या साइटवरच्या नकाशावर आपली जागा बघ. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही.

मोकळं_रान:
शिकायचं म्हणशील तर आधी जीपीएस नसलेला छोटा खेळण्यातला घे. तो एका जागी थांबत नाही, वाऱ्याने सरकत राहतो आणि तुला सारखं सावरावं लागतं, हात त्यानेच बसतो. महागड्या ड्रोनमध्ये रिमोटची काडी (स्टिक) सोडली की तो आपोआप थांबतो म्हणून माणसाला वाटतं आपल्याला येतंय, आणि मग कधी जीपीएस गेलं की हातपाय गळतात.

पहिले काही दिवस शेपूट आपल्याकडे ठेवून नुसता डोक्याच्या उंचीवर तरंगत ठेव. मग तोंड आपल्याकडे करून तेच कर. इथे सगळे चुकतात कारण डावं-उजवं उलटं होतं, पण ते जमेपर्यंत पुढे जाऊच नको. मग चौकोन, मग इंग्रजी आठ.

कडेकपारी:
वरचं सगळं पटलं, एक माझ्याकडून. माझा पहिला ड्रोन दरीत गेला. कड्यावरून सोडला तेव्हा वारा पाठीमागून होता त्यामुळे भुर्रकन लांब गेला, मी खूश, ४० टक्के बॅटरीला वळवला तर समोरून वारा आणि तो जवळजवळ जागचा हलेना, शेवटी खाली रानात स्वतःच उतरला. दोन दिवस शोधला, मिळाला नाही, अजून जीव हळहळतो. तेव्हापासून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जातो म्हणजे येताना वारा ढकलत आणतो. आणि रिटर्न टू होमची (ड्रोन आपोआप परत येतो त्या सोयीची) उंची आजूबाजूच्या सगळ्यात उंच झाडाच्या, सुळक्याच्या वर लावून ठेव, नाहीतर तो सरळ रेषेत परत येताना आदळतो. घार घिरट्या घालायला लागली तर लगेच उतरव. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी नसेल तर बॅगेतून काढूच नको.

सह्यवेडा_नाशिक:
भावाला आत्ताच मेसेज टाकला. खेळण्यातला घेतो आणि मामाच्या शेतावर जातो, पण आधी ती जागा नकाशावर बघतो. तिथे दुपारी वारा असतो, सकाळी ७ ला उडवलं तर बरं ना?

मोकळं_रान:
हो, सकाळीच. आणि जास्तीचे पंखे घेऊन ठेव, पहिल्या आठवड्यात तुटतातच. दोन एका दिशेने फिरतात, दोन उलट, बदलताना अदलाबदल झाली तर जागेवरच उलटतो.