अ‍ॅक्सेसचा फॉर्म प्रत्येक स्क्रीनवर सारखा दिसावा म्हणून

प्रश्न असा की मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये बनवलेला, स्वतःच्या कॉम्प्युटरवर नीट दिसणारा फॉर्म (माहिती भरायची विंडो) दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उजवीकडून कापला का जातो. हेच मला फोंड्याच्या एका दुकानाचं बिलिंग करताना झालेलं, मी पणजीत घरी मोठ्या मॉनिटरवर डिझाइन केलं आणि तिथे काउंटरवर सेव्हचं बटणच दिसेना, स्क्रोल करून शोधायचं, गिऱ्हाईक समोर उभं.

नुसतं रिझोल्युशन बघू नका, विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं किती टक्के मोठं दाखवायचं ती सेटिंगपण बघा! अ‍ॅक्सेस मापं ट्विपमध्ये ठेवतं, एका इंचाला 1440, आणि 100 टक्क्यांवर एक पिक्सेल म्हणजे 15 ट्विप, पण 125 टक्के केलं की 12च. म्हणजे 1920 बाय 1080 चा लॅपटॉप 150 टक्क्यांवर असला तर प्रत्यक्षात 1280 बाय 720 एवढीच जागा उरते, जुन्या 1366 बाय 768 पेक्षाही कमी, आणि लोक म्हणतात स्क्रीन तर चांगली आहे.

म्हणून सगळ्यात लहान जागा धरूनच डिझाइन करा, टास्कबार आणि रिबनची (वरच्या बटणांच्या पट्टीची) उंची वजा करून. मग 2007 च्या आवृत्तीपासून आलेलं अँकरिंग (फॉर्मवरची वस्तू त्याच्या कडांना बांधायची सोय) वापरा, सबफॉर्मला (फॉर्मच्या आतल्या फॉर्मला) आडवं-उभं दोन्ही ताणायला लावा, बटणं खाली उजवीकडे बांधा. फॉन्ट मात्र त्याने वाढत नाही, त्याला रिसाइझ इव्हेंटमध्ये (फॉर्मचा आकार बदलला की चालणाऱ्या भागात) कोड लिहावा लागतो, पण माझ्या मते एवढं करायची गरज क्वचितच पडते. फील्ड जास्त असतील तर टॅब करा, कोंबू नका.