कॅरेक्टरला 'अक्षर' म्हणावं का?

मांडवीकाठ: सहावीसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा पाठ मराठीत लिहितेय. वाक्य आहे: 'लेन हे फंक्शन शब्दात किती अक्षरं आहेत ते सांगतं.' उदाहरण 'गोवा'. मुलं मोजतात दोन, स्क्रीनवर येतात ४. लेन जे मोजतं त्याला इंग्रजीत 'कॅरेक्टर' म्हणतात. 'अक्षर'ऐवजी काय लिहू?

सावईवेरे: 'वर्ण'. ग्, ओ, व्, आ: बरोबर ४. 'म्हापसा' घ्या, वर्ण ७ आणि लेनही ७.

दक्षिणायन: योगायोग आहे तो. 'पणजी' घाला: वर्ण ६, लेन ४. व्यंजनातला अ साठवलाच जात नाही. उलट काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह, प्रत्येकाला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपिचिन्हांच्या यादीत, आपला क्रमांक असतो. ग २३२७, त्याचा काना-मात्रा मिळून २३७९, व २३५७, काना २३६६. 'म्हापसा'त प-मधला अ गेला आणि म्ह-चं हलन्त आलं, म्हणून हिशेब जुळला. 'वर्ण' लिहिलंत तर चूक फक्त उशिरा सापडेल.

शब्दवेल्हाळ: अ-क्षर म्हणजे जे तुटत नाही ते. इथे तर काना सुटा पडतो, म्हणजे 'अक्षर' बादच.

सावईवेरे: क्षर म्हणजे नाश पावणारं. तुटण्याचा संबंध नाही.

जुळारी: छापखान्यातला 'खिळा', म्हणजे जुळणीचा धातूचा ठसा, घ्या. कान्याचा खिळा वेगळाच असे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला.

दक्षिणायन: मुलांना खिळा म्हणजे भिंतीतला.

शब्दवेल्हाळ: मग सरळ 'कॅरेक्टर'. पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना बीजगणितातला 'चल'ही परका वाटतो, 'व्हेरिएबल' जवळचा.

दक्षिणायन: पण मराठी प्राथमिक शाळेत काना-मात्रा पहिलीपासून घोटलेल्या असतात. त्यांचाच आधार घ्या. आधी 'नगर' (३), मग 'काम' (३, कान्यासकट), मग 'गोवा'. त्यानंतर फॉर लूप (तीच कृती एकेका चिन्हावर पुन्हा करणारी आज्ञा) लावून एकेका ओळीवर छापा, म्हणजे सुटा काना डोळ्यांना दिसतो. शब्द उलटा छापलात तर काना पुढे येतो आणि ग-ची मात्रा व-ला चिकटते. तो मात्र शेवटी दाखवा, आधी दाखवलात तर मुलांना प्रोग्रॅमच बिघडल्यासारखा वाटतो.

मांडवीकाठ: क्रम घेतला. पण त्या वाक्यात शब्द कोणता?

जुळारी: आधी 'दऱ्या'तल्या रफाराचं बघा. तो दोन प्रकारे टंकता येतो. एकात लेन ५, दुसऱ्यात न दिसणारा जोडक (अक्षरं जोडायला घातलेलं चिन्ह) धरून ६.

सावईवेरे: त्याला रफार म्हणू नका. रफार 'दर्या'तला, डोक्यावर जाणारा.