बाबा कसा होता? मित्राच्या लेकीसाठी आठवणी

आमचा मित्र गेला तेव्हा त्याची लेक चार वर्षांची होती. आता ती बारावीला आहे. परवा मला म्हणाली, "काका, सगळे म्हणतात बाबा फार चांगला होता. पण तो चिडायचा कसा, खायचा काय, हे कुणीच सांगत नाही." तिचं अगदी बरोबर आहे. म्हणून त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना विनंती, घडलेलं लिहा. विशेषणं नकोत. ती स्वतः वाचणार आहे, तेव्हा तिच्याशीच बोला.

ट्रेकच्या ग्रुपमधला काका

बाळा, राजगडाला आम्ही नेहमी गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढायचो. मोठं पातेलं कायम तुझ्या बाबाच्या सॅकला बांधलेलं. कुणी मागितलं तरी देत नसे. नवीन कुणी आलं असेल तर त्याला मधे ठेवायचा आणि स्वतः शेवटी चालायचा. शेवटची चढण उभी आहे. तिथे एक मुलगा घाबरून खालीच बसला. बाबाने त्याला चल म्हटलं नाही की धीरही दिला नाही. शेजारी बसून काकडी कापली, मीठ लावलं, त्याला दिली आणि गावातल्या कुत्र्याची गोष्ट सांगत राहिला. पोरगं आपणहून उठलं.

रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम असायचा. पिठलं तोच करायचा, पण मिरच्या इतक्या घालायचा की आमच्या डोळ्यांतून पाणी. पहाटे सगळ्यांना उठवून सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, नेऊन बसवायचा. तिथे वारा असा सुटतो की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. हा तिथेच गायचा, का ते त्याचं गाणं ऐकल्यावर कळायचं!

तुला कधी जायचं असेल तर सांग. वाट आम्हाला पाठ आहे.

अंधेरीच्या ऑफिसमधली मावशी

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. लोकल बंद, फोन लागेनात. संध्याकाळी आम्ही काही जण हायवेने बोरिवलीकडे चालत निघालो. तुझा बाबा सगळ्यांत पुढे. छत्री मिटून तिच्या टोकाने पाण्याखालची जमीन चाचपायचा, मग हात वर करायचा, की आम्ही पाऊल टाकायचं. मॅनहोल उघडं असेल ही भीती सगळ्यांनाच होती. मालाडजवळ एका बिल्डिंगमधल्या बायका चहा-बिस्किटं घेऊन उभ्या होत्या. याने आमच्या हातात कप दिले आणि त्यांच्या घरचे कोण कोण अडकलेत ते विचारत बसला. मला दारापर्यंत सोडलं. आईने थांब म्हटलं तरी थांबला नाही, कारण पुढे अजून दोघींना पोचवायचं होतं. माझी आई त्याला अजून 'छत्रीवाला' म्हणते.

रूममेट

चिडायचा कसा ते मी सांगतो. आवाज कधी चढला नाही. बोलणं बंद, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायला बसायचा. घड्या संपल्या की राग संपला. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा नसेल तर मात्र घड्या घालूनही भागत नसे. उधार दिलेले पैसे कधी मागितले नाहीत, पण नेलेलं पुस्तक परत आलं नाही तर दारात येऊन उभा राहायचा.

तुमच्या जुन्या शेजारीण काकू

तुझा जन्म झाला त्या दिवशी तो मिठाईच्या दुकानात गेला. मुलगी म्हटल्यावर दुकानदाराने सवयीने बर्फीचं खोकं काढलं. हा म्हणाला, "पेढेच द्या." घरी आला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी विचारलंच, "मुलगा झाला वाटतं?" तर म्हणे, "नाही आजी, मुलगी. म्हणून तर दोन घ्या." संध्याकाळपर्यंत वॉचमन, इस्त्रीवाला, समोरच्या रिक्षा स्टँडवरचे सगळे, कुणाला म्हणून सोडलं नाही.

कपाट आवरताना त्याच्या अक्षरातली तुझ्या बारशाच्या सामानाची यादी सापडली आहे. घेऊन जा.

पुन्हा मी

अजून लिहा. ज्यांच्याकडे कॉलेजचे, ट्रेकचे फोटो असतील त्यांनी स्कॅन करून मला पाठवा. कुठला, कुणाकुणाचा, एवढं मात्र प्रत्येकासोबत कळवा.